घरची गाडी आणि घाटाची वाट

आपल्याकडे घरांत मोटार आली कीं पहिल्या दिवशीं तिच्या बॉनेटवर कुंकवाचें स्वस्तिक निघतें, चाकाखालीं लिंबू ठेवलें जातें, नारळ फुटतो आणि आळींत पेढे वांटले जातात. रंग कोणता घ्यावा यावर त्यापूर्वीं आठ दिवस खल झालेला असतो. परंतु इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोंचते कशी, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलानें विचारला, तर बैठकींतील बहुतेक मंडळी पंख्याकडे पाहूं लागतात. सपाट रस्त्यावर या अज्ञानानें फारसें बिघडत नाहीं. पुण्याहून सोलापुरास जाणारा मनुष्य गिअरच्या पेटीविषयीं कांहींएक न जाणतां सुखरूप जातो व परत येतो. पण आपल्या पुष्कळ कुटुंबांचें कुलदैवत कोंकणांत, बिऱ्हाड देशावर, आणि मध्यें सह्याद्रि उभा! वर्षांतून एकदां तरी ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, कुंभार्ली किंवा आंबा यांपैकीं एखादा घाट उतरावा लागतोच, आणि त्या वेळीं गाडींत एकटा चालक नसतो. मागच्या आसनावर म्हातारीं माणसें आणि मांडीवर मुलें असतात.

घाटाचें हें कोडें मोटारीपेक्षां बरेंच जुनें आहे. बोरघाटांतून चाकांच्या वाहनांसाठीं रस्ता १८३० सालीं, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतांना, खुला झाला. त्याच घाटांतून लोहमार्ग गेला तो १८६३ सालीं. लोहमार्गाचा तेथील चढ जास्तींत जास्त सदतिसास एक आहे, म्हणजे सदतीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर. मोटारीच्या रस्त्यास हा चढ म्हणजे कांहींच नव्हे. तरीसुद्धां रेल्वेनें त्याची धास्ती कधीं सोडली नाहीं. चढणाऱ्या गाड्यांस मागून जादा इंजिनें लावण्याची पद्धत तेथें पडली, आणि उतरतांना एखादी गाडी अनावर झालीच तर तिला बाजूच्या चढावर नेऊन थांबविणारे रूळही त्या मार्गावर घातले गेले. ब्रेक कितीही चांगले असले तरी केवळ ब्रेकांवर हवाला ठेवून डोंगर उतरूं नये, हें त्या कामगारांस दीडशें वर्षांपूर्वीं ठाऊक होतें. जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचें देऊळ आहे. घाटांतील वाट साहेबास दाखवून देणारा धनगर तो हाच, अशी आख्यायिका आहे, आणि येणारे-जाणारे चालक तेथें नाणें टाकून हात जोडतात. नाणें टाकण्यास माझी ना नाहीं. मात्र तत्पूर्वीं गिअर खालीं घेतलेला असावा.

आतां गिअर म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. इंजिनास एक स्वभावदोष आहे. तें ठराविक फेऱ्यांच्या टप्प्यांतच नेटानें काम करतें. फार हळू फिरविलें तर गुदमरून बंद पडतें. चाकांस तर कधीं अगदीं हळू पण जोरानें, तर कधीं वेगानें पण हलकें फिरावयाचें असतें. या दोघांमध्यें तडजोड करणारा मध्यस्थ म्हणजे गिअर बॉक्स. लहान दांतेरी चाकानें मोठें चाक फिरविलें कीं वेग घटतो आणि जोर वाढतो. पहिला गिअर म्हणजे हाच प्रकार. गिअरची सायकल चालविणाऱ्या मुलांस हें पायानेंच कळतें, तेव्हां त्यांस निराळें शिकविण्याचें कारण नाहीं. क्लच ही या मध्यस्थाच्या दारावरची कडी आहे. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चक्रावर एक खरखरीत चकती स्प्रिंगांच्या जोरानें दाबलेली असते. पाय दाबला कीं ती सुटते व इंजिनाचा चाकांशीं संबंध तुटतो. पाय उचलला कीं पुन्हां जुळतो. धांवत्या गाडींत दोन चाकांचे दांते न खडखडतां जुळावेत म्हणून सिंक्रोमेशची युक्ति कॅडिलॅक गाड्यांत १९२८ सालीं प्रथम आली. आमच्या पिढीनें ज्या फियाट व अ‍ॅम्बॅसेडर गाड्या हांकल्या, त्यांतील जुन्या गाड्यांच्या पहिल्या गिअरला ही सोय नसे. चालत्या गाडींत पहिला गिअर घालावयाचा तर दोनदां क्लच दाबून, मध्यें इंजिनास थोडा दम देऊन तो जुळवावा लागे. ज्यांस तें साधे, त्यांस सोसायटींत मान असे.

हें सर्व प्रास्ताविक लिहिण्याचें कारण असें कीं गेल्या वैशाखांत आमच्या पुतण्यानें स्वयंचलित गिअरची नवी गाडी घेतली, आणि महाबळेश्वराहून आंबेनळी घाटानें उतरून कुलस्वामिनीच्या दर्शनास तीच न्यावयाची असें ठरलें. बरोबर मातोश्री होत्या. त्यांचें वय चौऱ्यायशी. थोरले बंधू चाळीस वर्षें गाडी चालवीत आहेत आणि त्यांच्या हातून आजवर कोणास ओरखडाही उठलेला नाहीं. परंतु त्यांची एक जुनी संवय आहे: उतार लागला कीं गाडी न्यूट्रलमध्यें टाकावयाची व ब्रेकवर खेळवीत खालीं न्यावयाची. "फुकटचा उतार आहे, तेल कशाला जाळायचें?" हें त्यांचें शास्त्र. पुतण्यानें विरोध केला. त्यावर "तुमच्या जन्माआधींपासून घाट उतरतों आहे" हें उत्तर ठरलेलेंच होतें. एकत्र कुटुंबांत अशा वादाचा निकाल बहुधा वयावरून लागतो. या वेळीं तसा लागूं नये असें मला मनापासून वाटत होतें, म्हणून मीं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तोच येथें देतों.

गाडी, आंतील माणसें आणि सामान मिळून वजन दीड टन धरावें. खंडाळ्याहून खोपोलीस उतरतांना उंची सुमारें पांचशें मीटर कमी होते. या उतरणींत जी शक्ति मोकळी होते ती कोठें तरी गेलीच पाहिजे. हिशेबानें ती सुमारें ७३ लाख ज्यूल भरते. घरगुती भाषेंत सांगावयाचें तर तेवीस लिटर थंड पाण्यास उकळी आणण्याइतकी उष्णता, म्हणजे न्हाणीघरांतील चांगला बंबभर कढत पाणी! आंबेनळींत तर उंची बाराशें मीटरांहून अधिक कमी होते. तेथें हाच हिशेब साठ लिटरांच्या घरांत जातो. वारा व रस्ता यांतील कांहीं भाग खातात हें खरें. पण गाडी न्यूट्रलमध्यें असेल तर उरलेला सर्व भाग चार चाकांजवळच्या लहानशा लोखंडी तबकड्यांत व लायनरांत उतरतो. बंबाखालचा विस्तव तबकडींत ठेवून आपण वळणावळणांनीं खालीं येत असतों, आणि मागें बसलेल्या म्हातारीस वाटतें कीं मुलगा किती हळुवार चालवतो आहे.

तापलेल्या ब्रेकांचें पुढें काय होतें? पहिली गोष्ट, पॅडची पकड कमी होते. तेवढ्याच दाबानें गाडी पूर्वीइतकी थांबत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक कपटी आहे. पायाचा दाब चाकांपर्यंत नेणारें जें ब्रेक ऑईल, तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ जातीचें नवें तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. पण त्यांत पाणी मुरलें कीं हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आंकडे २३० आणि १५५ असे आहेत. तेल उकळलें कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलें जात नाहीं, वाफ दाबली जाते. त्यामुळें पेडल एकाएकीं स्पंजासारखें मऊ होऊन खालीं जातें. यालाच लोक "ब्रेक फेल झाले" म्हणतात, आणि खालीं गाडी तपासली तर कोठें कांहीं तुटलेलें सांपडत नाहीं, कारण तोंवर तेल निवालेलें असतें! कोंकणच्या दमट हवेंत राहणाऱ्या गाडीचें हें तेल दोन वर्षांनीं बदलावें. खर्च मामुली आहे. पण गॅरेजांत गेलेली मंडळी इंजिनाचें तेल आठवणीनें बदलतात, सीट कव्हरें बदलतात, आणि या बाटलीकडे ढुंकूनही पाहत नाहींत.

आतां तेल वांचविण्याचा मुद्दा. येथें बंधूंवर अन्याय होऊं नये. कार्बुरेटरच्या जुन्या गाडीबद्दल त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें; गिअरमध्यें उतरतांनाही ती पेट्रोल ओढीत असे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीची गोष्ट उलटी आहे. गाडी गिअरमध्यें असून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला म्हणजे चाकेंच इंजिनास फिरवीत राहतात, आणि आंतील संगणक पेट्रोलचा पुरवठा पूर्ण बंद करतो. उलट न्यूट्रलमध्यें इंजिन जिवंत ठेवण्यासाठीं त्यास थोडें थोडें पेट्रोल पाजावेंच लागतें. म्हणजे बचत होते ती गिअरमध्यें, न्यूट्रलमध्यें नव्हे. आणि गिअरमध्यें उतरतांना इंजिन स्वतःच ब्रेकाचें काम करतें; बंबभर उष्णतेचा मोठा वाटा तें हवेंत व रेडिएटरांत सोडून देतें. इंजिन अजिबात बंद करणें हा तर अविचार आहे. ब्रेकास मदत करणारी निर्वात पेटी दोन-तीनदां पेडल दाबतांच रिकामी होते, स्टीअरिंग जड होतें, आणि किल्ली काढली गेली तर स्टीअरिंगास कुलूपही लागतें. पुण्यास कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथें २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीं एका अवजड वाहनानें पुष्कळ गाड्यांस ठोकरलें. उतारावर इंजिन बंद ठेवल्याचा उल्लेख प्राथमिक तपासाच्या बातम्यांत होता. तो घाट नव्हे, शहराच्या वेशीवरचा रुंद रस्ता आहे!

कोणत्या गिअरमध्यें उतरावें, यास जुन्या चालकांचा ठोकताळा असा कीं जो गिअर चढतांना लागला असता, तोच उतरतांना ठेवावा. आपल्या एस्. टी. चे चालक भरलेली गाडी घाटांत दुसऱ्या गिअरवर गुरगुरत आणतात, तेव्हां आंतील प्रवासी कंटाळतात. पण त्या गुरगुरण्यांतच त्यांचें कौशल्य आहे. गिअर उतार लागण्यापूर्वीं घ्यावा, मध्यावर वेग वाढल्यावर नव्हे. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षां वळणाआधीं ठाम दाबून वेग घटवावा व पाय पूर्ण उचलावा, म्हणजे तबकडीस निवण्यास अवकाश मिळतो.

उतारावर ब्रेकांची परीक्षा, तशी चढावर क्लचची. सुटीच्या दिवशीं घाटांत गाड्यांची रांग लागते आणि प्रत्येक चालक अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतो. त्या वेळीं ती खरखरीत चकती फिरत्या चक्रावर नुसती घासत असते. थोड्याच वेळांत करपल्याचा एक उग्र वास येतो. एकदां तो घेतला कीं मनुष्य विसरत नाहीं. अशा वेळीं हातब्रेक ओढून क्लच सोडून द्यावा. निघतांना क्लच हळूहळू उचलावा, गाडीचें नाक किंचित् वर आलें कीं अ‍ॅक्सिलरेटर देऊन हातब्रेक सोडावा. आमच्या सूनबाईस हें पहिल्या आठवड्यांत साधलें. पुरुषांस उशीर लागतो, कारण हातब्रेक ओढणें त्यांस कमीपणाचें वाटतें.

क्लच झिजला आहे कीं काय, हें गाडीच सांगते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला असतां इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढें रेटत नाहीं, तर चकती घसरते आहे असें समजावें. खात्री करावयाची असेल तर सपाट मोकळ्या जागीं हातब्रेक पक्का ओढून, पायब्रेक दाबून, चौथा गिअर घालावा आणि क्लच सावकाश सोडावा. इंजिन तत्काळ बंद पडलें तर क्लच शाबूत. गुरगुरत चालूच राहिलें तर त्याचे दिवस भरले. हा प्रयोग वारंवार करूं नये. एका परिचित कुटुंबास एका गॅरेजवाल्यानें "सबंध गिअर बॉक्स उतरवावा लागेल" असें सांगून घाबरविलें होतें. तक्रार एवढीच कीं क्लच दाबला कीं घरघर ऐकूं येई. क्लच दाबतांना येणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा असतो. याउलट न्यूट्रलमध्यें पाय उचललेला असतांना आवाज येतो आणि पाय दाबतांच थांबतो, तर मात्र दोष गिअर बॉक्सच्या आंतील बेअरिंगमध्यें असण्याचा संभव अधिक. गिअर घालतांना दांत खाल्ल्यासारखा आवाज येत असेल तर दोन शक्यता: सर्वच गिअरांत येत असल्यास क्लच पुरता सुटत नाहीं, एकाच गिअरांत येत असल्यास त्याची सिंक्रोची कडी झिजली. आणि चालतां चालतां गिअर आपोआप निसटून न्यूट्रल होत असेल, तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत घाटांत नेऊं नये. हा दोष उतारावर, पाय उचलल्याक्षणीं, हटकून डोकें वर काढतो.

स्वयंचलित गिअर म्हटला कीं आपण सर्व एकाच मापानें मोजतों, हें बरोबर नाहीं. आपल्याकडे २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओपासून जो एएमटीचा प्रकार लोकप्रिय झाला, त्यांत गिअर बॉक्स व क्लच नेहमींचेच असतात. फक्त क्लच दाबण्याचें व गिअर बदलण्याचें काम यंत्र करतें. म्हणून त्यासही चकतीचे सर्व आजार होतात. चढावर ब्रेक सोडतांच अशी गाडी मागें घरंगळूं शकते, आणि चालक ती अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरूं लागला कीं आंत क्लच भाजत राहतो. तेलाच्या दाबानें फिरणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीस चढावर हा त्रास कमी. तिचें सारें आरोग्य आंतील तेलावर. तें तेल बहुधा तांबडें असतें. काळवंडलें व जळका वास येऊं लागला तर यंत्र आजारी आहे. मात्र उतारावर सर्वांस एकच गोष्ट लागू आहे. "डी" वर ठेवून निश्चिंत बसलें तर कांहीं गाड्या वेग घेतां घेतां वरचा गिअर टाकतात व इंजिनाचा आधार सुटतो. म्हणून "एल्", "२" किंवा हातानें गिअर निवडण्याची जी सोय दिलेली असते ती वापरावी. ती खूण शोभेसाठीं कोरलेली नसते. विजेच्या गाडीचें निराळें: उतरतांना मोटारच वीज निर्माण करून गाडी आवरते. परंतु बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज ठेवण्यास जागा नसते आणि हा आधार दुबळा होतो. तेव्हां महाबळेश्वरास मुक्काम करून सकाळीं घाट उतरणाराने रात्रीं बॅटरी शंभर टक्के भरूं नये.

अरुंद रस्त्यावर समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्यास आधीं वाट द्यावी, असें रस्त्याच्या नियमांतच आहे. कारण उघड आहे: चढावर थांबलेल्यास पुन्हां निघणें कठीण, उतरणाऱ्यास सोपें. पण पुष्कळ मोटारवाल्यांस हा नियम कोणी सांगितलेला दिसत नाहीं. श्रावणांतल्या धुक्यांत मोठे दिवे लावून समोरची पांढरी भिंत उजळविणारे, आणि वळणावर दुसऱ्यास ओलांडणारे, यांजविषयीं लिहूं लागलों तर लेखाची मर्यादा सुटेल.

आणि प्रसंग आलाच, ब्रेक खालीं गेले, तर? पेडल भराभर दाबून सोडावें. पुष्कळदां थोडा दाब परत मिळतो. एकेक गिअर खालीं घ्यावा, हातब्रेक एकदम न ओढतां हळूहळू ओढावा, इंजिन चालूच ठेवावें. तरीही गाडी आवरेना तर दरीची बाजू सोडून डोंगराच्या अंगास, गटाराकडे किंवा मातीच्या ढिगाकडे न्यावी. पत्रा वांकेल, पण पत्रा मिळतो.

आमच्या प्रवासांत यांतलें कांहीं घडलें नाहीं. आंबेनळी पुतण्यानें खालच्या गिअरवर उतरविला. पुढें शेजारीं बंधू बसले होते. प्रतापगडाचा फांटा येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहींत. मातोश्रींनीं एकदां विचारलें, "हिला बरें नाहीं का रे? सारखी कण्हते आहे." पोलादपुरास पोंचल्यावर मीं पुढच्या चाकाजवळ तळहात नेऊन पाहिला, ऊब होती, इतकेंच. बंधूही खालीं वांकले, त्यांनीं चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, आणि उभे राहून सर्वांसाठीं चहा सांगितला.